शिडाला आधी वाट

मध्य प्रदेशाला समुद्र नाही, ही गोष्ट मध्य प्रदेशाने कधी फारशी मनावर घेतलेली नाही. देवास जिल्ह्यातल्या अमलाताज गावची नेहा ठाकूर २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांतून शिडाच्या होडीचं रौप्यपदक घेऊन आली. त्याआधी २०१८ मध्ये होशंगाबादच्या हर्षिता तोमरने जकार्त्याहून कांस्य आणलं होतं. दोघीही भोपाळच्या मोठ्या तलावात तयार झालेल्या. माझे साडू रत्नागिरीचे. त्यांना मी ही बातमी मुद्दाम फोन करून सांगितली. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तलावात लाटा नसतात."

साडूंचं समाधान कशाने ना कशाने होतंच. भोगायचं होतं ते आम्ही भोगलं. भोपाळला राहणाऱ्या माझ्या भाचीने नेहाचा फोटो पेपरात पाहिला आणि तीही तलावावर शिडाची होडी शिकायला जाऊ लागली. तिची होडी ऑप्टिमिस्ट जातीची, म्हणजे अंघोळीच्या टबाला शीड लावावं तशी दिसते. सुट्टी लागली की ती इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी येते. होडी आणत नाही, नियम आणते.

"मामा, तू शिडाच्या होडीत आहेस. समोरून मोटारबोट आली. वाट कुणी द्यायची?"

मी उभी हयात बँकेत काढली. अशा प्रश्नांची उत्तरं मला झोपेतही येतात. "ज्याची बोट लहान, त्याने."

"चूक."

"मग ज्याचा मेहुणा नगरसेवक नाही, त्याने."

"मोटारबोटीने! तिला हवं तेव्हा वळता येतं, थांबता येतं. शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीवर असते."

हा तंटा जुना आहे. वाफेची जहाजं नवीन निघाली तेव्हा ती धूर सोडत शिडाच्या जहाजांच्या अंगावर जायला लागली. तेव्हा लंडनच्या ट्रिनिटी हाउसने १८४० साली एक तोडगा काढला : वाफेचं जहाज म्हणजे कायम अनुकूल वारा लाभलेलं जहाज, असं धरून चालावं आणि त्याने बाजूला व्हावं. आज जगभर जो करार चालतो तो १९७२ चा, १९७७ पासून लागू झालेला. त्याच्या अठराव्या नियमात हीच गोष्ट आहे. मला मात्र त्या १८४० च्या लोकांच्या भोळेपणाची गंमत वाटली. कायम अनुकूल वारा लाभलेली माणसं मी बँकेच्या प्रत्येक शाखेत पाहिली. त्यांनी कुणाला वाट दिल्याचं आठवत नाही.

हे सगळं ऐकायला शेजारचे वकीलसाहेब येऊन बसले होते. ते येतात चहाला, पण बसतात मुद्द्यावर. "म्हणजे शिडाच्या होडीला वाटेचा हक्क मिळाला," ते म्हणाले.

"नाही आजोबा. हक्क कुणालाच नाही. एकाने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग न बदलता जात राहायचं. दोघांनाही कामच लावलंय."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "हक्कच नाही? मग दावा कशावर लावायचा?"

आता इंदूरबद्दल. आमचं शहर २०१७ पासून देशात सगळ्यात स्वच्छ ठरत आलं आहे आणि त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असा सहा प्रकारचा कचरा आम्ही वेगवेगळा ठेवतो. आमच्या हिच्या हातून चुकून कांद्याचं साल सुक्यात पडलं तर ती रात्री उठून ते काढते. मात्र सहा डब्यांचा हिशेब चोख ठेवणारं हे शहर घराबाहेर पडलं की डावं आणि उजवं या दोनच गोष्टींत गोंधळतं. राजवाड्यापासून मल्हारगंजपर्यंत स्कूटर चालवून बघा. आपल्याकडे सर्व दिशांनी माणसं येत असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की वाट आपली आहे.

भाचीला हे दृश्य फार आवडतं. मागे बसून ती समालोचन करते. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. म्हणून ती आधी तिरकी उजवीकडे जाते, मग शीड फिरवून तिरकी डावीकडे, अशी नागमोडी पुढे सरकते. याला टॅक करणं म्हणतात. "मामा, तो बघ टॅक करतोय!" तिने दाखवलेला तरुण सराफ्याच्या तोंडाशी मोटारसायकलवर त्याच नागमोडी चालीने येत होता. वारा पडलेला होता, रस्ता रिकामा होता आणि त्याला सरळ जायला कुणाचीही हरकत नव्हती. तो स्वभावानेच टॅक करत होता.

या अठराव्या नियमात एक उतरंड आहे. तळाशी मोटारबोट, तिच्यावर शिडाची होडी, तिच्यावर जाळी टाकून मासे धरणारी, तिच्यावर जी आपल्या कामामुळेच हलू शकत नाही अशी, आणि तिच्याच बरोबरीने वरच्या पायरीवर जिच्यावर तांडेलाचा ताबाच उरलेला नाही ती. वरच्या पायरीला खालच्यांनी वाट द्यायची. ही उतरंड ऐकताक्षणी मला इंदूरचे सगळे रस्ते लख्ख दिसले. मासे धरणारी नौका म्हणजे भर रस्त्यात स्कूटर चालू ठेवून, पाय टेकून, गाडीवाल्याशी मेथीचा भाव करणारी बाई. जाळं पसरलेलं असतं, पदर आणि पिशव्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या असतात. तिला हॉर्न देणं हा अपराध आहे. कामामुळे हलू न शकणारी ती महापालिकेची पिवळी कचरागाडी. गाणं वाजवत गल्लीच्या मधोमध उभी राहते आणि तिच्यामागे सारी गल्ली सहा डबे सांभाळत खोळंबते. आणि ताबा सुटलेली ती अर्थातच वरात. समुद्रावर अशा जहाजाने रात्री एकावर एक दोन तांबडे दिवे लावायचे असतात. आमच्याकडे लोक डोक्यावर झुंबरं घेऊन चालतात, म्हणजे नियम पाळूनही वर उरतं. वरातीतल्या घोड्याला तेवढा ताबा असतो, पण त्याला कोण विचारतो?

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने हिला सांगितलं. हिने फक्त विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या पायरीवर?"

मी उत्तर देणार इतक्यात ती दोन्ही हातांत चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. आमच्या घरातला बोळ जुन्या वाड्यातला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीतल्या कोनाड्यात शिरावं लागतं. मला वाटलं, मी नि:शस्त्र, पायी, म्हणजे शिडाची होडी. ट्रेवाली इंधनावर चालणारी. मी दिशा आणि वेग कायम ठेवला. चहा वकीलसाहेबांच्या धोतरावर गेला.

"नववा नियम, मामा," भाची सोफ्यावरून म्हणाली. "अरुंद वाटेत शिडाने मध्ये यायचं नसतं."

हा नववा नियम म्हणजे शिडाच्या अभिमानाला लावलेली पाचर. मोकळ्या पाण्यात शिडाला मान. पण जिथे खोल पाण्याची एकच चिंचोळी वाट आहे आणि मोठं जहाज तेवढ्यातूनच जाऊ शकतं, तिथे शिडाच्या होडीने किंवा वीस मीटरहून लहान कुठल्याही बोटीने त्याची अडवणूक करायची नाही. मुंबईच्या बंदरात हे रोज दिसतं. गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचा, भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, न्हावाशेव्याकडे निघालेली कंटेनरची धुडं, आणि त्यांच्यात कुलाब्याहून हवा खायला निघालेली एखादी चिमुकली शिडाची होडी. ते धूड थांबवायचं म्हटलं तरी पुढे कितीतरी लांब जाऊन थांबणार. त्याच्यासमोर अठरावा नियम वाचून दाखवत बसायला वेळ मिळत नाही.

इंदुरातही आम्ही हा नववा नियम करून पाहिला. त्याचं नाव बीआरटीएस. २०१३ मध्ये राजीव गांधी चौराहा ते निरंजनपूर असा साधारण साडेअकरा किलोमीटरचा पट्टा आखला, मधे फक्त बससाठी खास मार्गिका, दोन्ही बाजूंना रेलिंग. मोठ्या जहाजाची खोल वाट! कल्पना निर्दोष होती. पण लोखंडी रेलिंगच्या पलीकडे रिकामा रस्ता पडलेला आहे आणि आपण अलीकडे गर्दीत उभे आहोत, हे दु:ख इंदुरी माणूस सहन करू शकत नाही. तो पोहे थंड झालेले सहन करील. हळूहळू फटी शोधल्या गेल्या आणि बसच्या पुढे अभिमानाने स्कूटरी चालू लागल्या. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांनी हा पट्टा काढायचं जाहीर केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानेही काढायला सांगितलं. काढायचं काम मात्र लांबतच गेलं. कारण रेलिंग तोडणारी गाडी उभी करायला वाट मिळेना.

भोपाळात याच्या बरोबर उलट घडलं. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा तिथला मोठा तलाव अकराव्या शतकातला. भोपाळला पिण्याचं पाणी त्यातून जातं. २०२३ च्या सप्टेंबरात, म्हणजे ज्या महिन्यात नेहाने पदक जिंकलं त्याच महिन्यात, राष्ट्रीय हरित लवादाने या तलावात क्रूझ आणि मोटारबोटी चालवायला बंदी केली. शीड विरुद्ध मोटार हा लंडनपासून चालत आलेला तंटा भोपाळने प्रतिपक्षालाच पाण्याबाहेर काढून मिटवला. वकीलसाहेब यावर अत्यंत खूश झाले. "याला म्हणतात निकाल. तुमचा तो १९७२ चा करार कसला, दोघांनाही काम सांगतो!"

वकीलसाहेब आणि मी सकाळी फिरायला जातो, पिपल्यापाला तलावाकडच्या रीजनल पार्कात. ते आधी पोहोचतात आणि मग समोरून परत येताना मला भेटतात. समुद्रात दोन मोटारबोटी अशा थेट समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. नव्या ज्ञानाच्या भरात मी उजवीकडे वळलो. वकीलसाहेब रस्त्याचा नियम पाळणारे गृहस्थ, ते डावीकडे वळले. आम्ही पोटाला पोट लावून थांबलो. ते म्हणाले, "सॉरी." मी म्हणालो, "माझंच चुकलं." मग दोघेही एकदम दुसऱ्या बाजूला सरकलो. बागेतल्या बाकावर बसलेल्या बायकांनी आम्हाला गरबा शिकणारे समजून सोडून दिलं.

भोंग्यांचं सांगायचं राहिलं. समुद्रावर भोंगा म्हणजे वाक्य असतं. एक छोटा : मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे : डावीकडे. तीन छोटे : माझं इंजिन उलटं चालू आहे. पाच किंवा जास्त : तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. मला हे इतकं पटलं की मी जवाहर मार्गावर उजवीकडे वळताना अगदी शास्त्रोक्त एक छोटा हॉर्न दिला. शेजारच्या रिक्षावाल्याने मान काढून विचारलं, "क्या भिया, हॉर्न ख़राब है क्या? पूरा नी बज रिया." इंदुरात पाचाच्या खाली हॉर्न मोजतच नाहीत. म्हणजे आमचं सगळं शहर सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांना एकच गोष्ट सांगत असतं की तुमचं काय चाललंय ते आम्हाला कळत नाही. आणि त्यात खोटं काहीच नाही.

तीन भोंग्यांवरून भाचीला हायकोर्ट चौक आठवला. तिथे वाहतूक हवालदार रणजित सिंह नाचत नाचत वाहतूक वळवायचे म्हणून देशभर गाजले. पुढे चालल्यासारखे पाय टाकत ते मागे सरकायचे, मायकेल जॅक्सनची ती चाल. भाचीने त्यांचा व्हिडिओ बघून गंभीरपणे म्हटलं, "मागे जाताना तीन शिट्ट्या द्यायला हव्यात." बाकी समुद्रावर पोलीस उभा नसतो, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. बघणारा कुणी नसताना माणसं वाट देतात? वकीलसाहेब म्हणाले, "पाण्यात बुडतात ना, म्हणून." रस्त्यावर माणूस बुडत नाही. फार तर हेडलाइट जातो, आणि तो समोरच्याकडून वसूल करता येतो.

या शहरात वाट मिळवण्याची अट एकदाच कुणी यशस्वीपणे घालून दाखवली, तीही एका स्कॉटिश माणसाने. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून आले होते. त्यांचा इंदूरवरचा जाडजूड अहवाल १९१८ चा. तेव्हा गावात प्लेग होता. गेडिस यांनी दिवाळीची एक भव्य मिरवणूक काढली, त्यात घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि जाहीर केलं की मिरवणूक सगळ्यात स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून जाईल. झालं, सारं गाव झाडू घेऊन उतरलं. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून! इंदुरी माणूस वाट देतो, नाही असं नाही. फक्त समोरून येणारा राक्षस किंवा उंदीर असावा लागतो, तोही पुरेसा मोठा. हल्ली अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात आणि रंगपंचमीला गेरची मिरवणूक निघते, तेव्हा मल्टिअ‍ॅक्सल ट्रकसुद्धा निमूट मागे वळतो. त्या रात्री, त्या दिवशी कुणी हॉर्न देत नाही. दिला तरी ऐकू येत नाही.

एरवीच्या दिवसांचा खरा नियम मला उशिरा कळला आणि तो कुठल्याही करारात नाही : ज्याने बघितलं, तो हरला. चौकात दोन गाड्या येतात. ज्याची नजर दुसऱ्यावर पडली त्याला तो दिसल्याचं सिद्ध झालं, आणि दिसल्यावर ब्रेक लावणं भाग पडतं. न बघणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नाही. म्हणून जाणकार लोक चौक जवळ आला की दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात. काहींनी कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल धरून मान कायमची एका बाजूला वळवून घेतली आहे. तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघणाऱ्या मुली तर थेट क्षितिजाकडे बघतात, दर्यावर्दी लोक बघतात तसं.

मीही हे जमवायचं ठरवलं. छप्पन दुकानच्या वळणावर डावीकडून एक गृहस्थ येताना दिसायच्या आत मी उजवीकडचं पाणीपुरीचं दुकान निरखू लागलो. ते गृहस्थ माझ्याहून मुरलेले निघाले, ते डावीकडची कुल्फी बघत होते. आमची पुढची चाकं एकमेकांना टेकली. त्यानंतर आम्ही दोघेही तसेच उभे, मी पाणीपुरीकडे बघत आणि ते कुल्फीकडे बघत. पहिला बघेल त्याला माफी मागावी लागणार होती. शेवटी ते कुल्फीवाल्याला उद्देशून म्हणाले, "लोग देख के नी चलते आजकल." मी पाणीपुरीवाल्याला म्हणालो, "सच है भिया."

भाचीने हे ऐकून कपाळाला हात लावला. "सतरावा नियम, मामा! सरळ जाणाऱ्यानेसुद्धा डोळे उघडे ठेवायचे असतात. समोरचा बाजूला होत नाही असं दिसलं तर आपण व्हायचं. आणि आधी ओरडून सांगायचं."

"काय ओरडायचं?"

दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या तर वारा ज्याच्या उजव्या अंगाने येतो त्याचा मान मोठा. तो मोठ्याने 'स्टारबोर्ड!' असं ओरडतो आणि दुसरा मुकाट बाजूला होतो. तलावात दिवसभर हे ओरडणं चालतं. भाचीने गच्चीवर उभं राहून दाखवलं. समोरच्या घरातल्या आजी दचकून खिडकीत आल्या. एवढीशी पोर, पण काय अधिकार होता त्या आवाजात! बँकेत एवढी वर्षं काढूनही शिपायाने माझा आवाज असा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलासियाला एक तरुण उलट्या बाजूने, थेट माझ्यावर चालून येत होता. वारा माझ्या उजव्या गालाला लागत होता. याहून स्वच्छ प्रकरण मिळणं शक्य नव्हतं. मी स्कूटर सरळ ठेवली, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "स्टारबोर्ड!"

तो तरुण थांबला. चक्क थांबला! हेल्मेटची काच वर केली. "क्या?"

"स्टारबोर्ड!"

"स्टारबक्स?" त्याने गाडी आडवी लावून स्टँडवर चढवली, म्हणजे नीट सांगता येईल. "अंकल, आप तो उल्टे आ गए. पीछे जाओ, फिर लेफ्ट."

"लेफ्ट नी, राइट," मागचा रिक्षावाला म्हणाला आणि रिक्षा बंद करून उतरला.

"अरे राइट में तो खुदा पड़ा है," बसचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. एव्हाना त्याच्यामागे अर्धं पलासिया उभं होतं. एरवी पाच-पाच हॉर्न देणारं शहर, पण वाटसरूला रस्ता सांगायचं काम चालू आहे म्हटल्यावर एकानेही हॉर्न वाजवला नाही. मेथीच्या पिशव्या घेतलेली एक बाई पुढे आली आणि तिने सगळ्यांना गप्प केलं.

"इत्ती महंगी कॉफ़ी कायको पीते हो, भैयाजी? ये सामने पोहे के ठेले पे चाय मिलती है. गाड़ी यहीं रहने दो, कोई नी हटाएगा."